सुप्याच्या माळावर दिसलेला तो प्राणी लांडगाच होता का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्च अखेरीस, दिवस मावळताना, सुपे-मोरगाव रस्त्याच्या कडेला माळावर एक प्राणी दिसला. किडकिडीत, लांब पायांचा, मातकट रंगाचा. तुम्हाला तो लांडगा वाटला. सोबतच्यांनी ‘लांडगा एवढा बारीक नसतो, हे कुत्रंच’ म्हणून विषय संपवला. आपल्याकडचा लांडगा ही वेगळी उपजात आहे का, असेल तर अंगाबांध्यानं वेगळा कसा, आणि कुत्र्यापासून तो ओळखायचा कसा, हे तुम्ही विचारलं आहे. सोबत मागून काढलेला एक धूसर फोटो आहे.

तुमच्या सोबत्यांचा मुद्दा मी उलटा करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर बारामतीच्या माळावर तुम्हाला एखादा झुबकेदार केसांचा, भरलेल्या छातीचा, चाळीस-पन्नास किलोचा ‘लांडगा’ दिसला असता, तर मी म्हटलं असतं की कुणाचा तरी पाळीव कुत्रा सुटलेला दिसतोय. बारीक असणं ही आपल्या लांडग्याची खूणच आहे. घोटाळा होतो तो टीव्हीमुळे. आपल्या डोळ्यासमोर लांडगा म्हणून जे चित्र असतं ते कॅनडातल्या किंवा सायबेरियातल्या बर्फातलं. त्या मापानं मोजलं तर दख्खनचा लांडगा उपाशी कुत्र्यासारखाच दिसणार.

आकडे सांगतो. भारतीय लांडग्याचं वजन साधारण १७ ते २५ किलो. खांद्यापाशी उंची ५७ ते ७२ सेंटीमीटर. नर मादीपेक्षा थोडा मोठा, त्याचं डोकं जरा रुंद, पण हा फरक दोघं शेजारी उभे असल्याशिवाय कळत नाही. युरोपातला लांडगा सहज ३० ते ५० किलो भरतो, अलास्का-कॅनडातले नर त्याच्याही पुढे जातात. लडाख, स्पितीकडचा हिमालयी लांडगा ३५ किलोच्या आसपास आणि लोकरीनं भरलेला. अरबस्तानातला वाळवंटी लांडगा मात्र २० किलोच्या घरातला. आपल्या लांडग्याची अंगकाठी लडाखच्या लांडग्यापेक्षा त्या वाळवंटी लांडग्याच्या अधिक जवळ जाते. आणि आपल्या गल्लीतलं धडधाकट गावठी कुत्रंही वजनाला पंधरा-वीस किलो असतं. तेव्हा वजनावरून किंवा नुसत्या आकारावरून लांडगा ओळखायचा प्रयत्न सोडूनच द्या.

उपजात वेगळी आहे का? आहे. शास्त्रीय नाव कॅनिस ल्युपस पॅलिपेस. आणि हे नाव देण्यात आलं ते आपल्याच माळावरच्या लांडग्यांवरून. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर असताना त्यानं इथल्या पशुपक्ष्यांच्याही नोंदी केल्या आणि १८३१ मध्ये त्या लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडल्या. लांडग्याबद्दल त्यानं लिहिलं ते आजही तंतोतंत लागू पडतं: हा प्राणी दख्खनच्या उघड्या, दगडगोट्यांच्या मैदानात भरपूर आढळतो, पण घाटातल्या रानात दिसत नाही. तेव्हा आपल्याकडे दिसतो तो लांडगा म्हणजे कुठल्या तरी मूळ लांडग्याची बारकी आवृत्ती नव्हे. उपजातीचं वर्णन ज्या मुलखातून झालं, तो मुलूख हाच.

पुढे जनुकशास्त्रानं या गोष्टीला जास्तच वजन दिलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या, म्हणजे फक्त आईकडून पिल्लांत येणाऱ्या डीएनएच्या, अभ्यासात दिसलं की द्वीपकल्पातल्या लांडग्यांचा वंश जगातल्या इतर लांडग्यांपासून काही लाख वर्षांपूर्वीच वेगळा झाला असावा. २०२१ मध्ये संपूर्ण जीनोम, म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए, तपासला गेला, तेव्हाही भारतीय लांडगा जगातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत वेगळ्या वंशांपैकी एक निघाला. त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. पूर्वी तुर्कस्तानपासून भारतापर्यंतचे लांडगे एकाच उपजातीत घालत. आता दिसतं की पश्चिम आशियातले लांडगे वेगळ्या वळणाचे आहेत आणि खरा पॅलिपेस भारत व पाकिस्तानपुरताच उरतो. काही संशोधकांनी त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा द्यावा असंही सुचवलं आहे. त्या वादात मी पडत नाही. माळावर काम करणाऱ्याला एवढं पुरेसं आहे की हा प्राणी इथून गेला तर बाहेरून आणून त्याची जागा भरता येणार नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात हे लांडगे साधारण ३,१०० आहेत. त्याच वर्षीच्या व्याघ्रगणनेत वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ होता. वाघाइतकाच, किंबहुना कमीच. पण लांडगा बघायला कुणी सफारीचं तिकीट काढत नाही, म्हणून ही बाब फारशी बोलली जात नाही.

आता शरीराकडे वळू. लांडगा असा का घडला हे समजलं की ओळखायच्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

माळावर एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सावली म्हणजे एखादं बोरीचं झुडूप, हेकळाची जाळी नाहीतर ओढ्याचा काठ. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून आणि उघड्या कातडीतून उष्णता घालवावी लागते. शरीर जितकं लहान आणि सडपातळ, तितका वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, आणि उष्णता बाहेर पडणं सोपं. म्हणून थंड प्रदेशातले लांडगे ठोकळेबाज आणि गरम प्रदेशातले शिडशिडीत. कानांचंही तेच. आपल्या लांडग्याचे कान डोक्याच्या मानाने मोठे, ताठ आणि पातळ असतात. कानाच्या मागच्या बाजूला तांबूस झाक असते. दुर्बिणीतून पाठमोरा प्राणी पाहिला तर ती तांबूस झाक पटकन नजरेत भरते.

दुसरं कारण भक्ष्याचं. उत्तरेकडच्या लांडग्यांना तीनशे-चारशे किलोचं मूस हरीण पाडायचं असतं. तिथे अंगात ताकद आणि कळपात संख्या लागते. आपल्याकडे काळवीट, चिंकारा, ससा, उंदीर, घुशी आणि शेळ्यामेंढ्या. शेळी पळवायला पन्नास किलोचं शरीर कशाला हवं? ते शरीर पोसायचं कसं, हाच प्रश्न पडेल. त्यामुळे आपल्याकडे टोळीही लहान असते. नर-मादी आणि त्यांची एक-दोन वर्षांतली पिल्लं एवढाच बहुतेक वेळा पसारा, आणि एकटा किंवा जोडीनं फिरणारा लांडगा दिसणं अगदी सामान्य. ‘एकटाच होता, म्हणजे कुत्रा’ हा तर्कही म्हणून टिकत नाही.

केसांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण रंगावरून सगळ्यात जास्त गफलत होते. थंड मुलखातल्या लांडग्याला बाहेरच्या राठ केसांखाली दाट मऊ लोकर असते. आपल्या लांडग्याला ती जवळजवळ नसतेच. उन्हाळ्यात तर केस इतके आखूड आणि विरळ होतात की बरगड्या मोजता याव्यात. डिसेंबर-जानेवारीत तोच प्राणी पाहिला तर मानेभोवती आणि खांद्यावर केस चांगले भरलेले दिसतात आणि तो अचानक ‘लांडग्यासारखा’ वाटू लागतो. तुम्ही मार्च अखेरीस पाहिलात. तेव्हा हिवाळी केस झडायला लागलेले असतात आणि अंग ठिकठिकाणी उसवल्यासारखं दिसतं. त्याला खरूज झाली आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका.

रंग म्हणाल तर वाळलेल्या कुसळीचा. करडा, मातकट, त्यात तांबूस छटा. पण नीट पाहिलं तर तो एकसारखा नसतो. पाठीवरच्या केसांची टोकं काळी असतात, त्यामुळे कण्यावरून गडद पट्टा गेल्यासारखा वाटतो आणि खांद्यापाशी तो दोन्ही बाजूंना उतरून खोगिरासारखा पसरतो. गाल, ओठांच्या कडा, हनुवटी, गळा, पोट आणि पायांच्या आतल्या बाजू फिकट, जवळजवळ पांढुरक्या. पायही अंगापेक्षा फिके. गडद पाठ आणि फिकट पाय-पोट यांच्यात ठसठशीत रेघ नसते, एक रंग दुसऱ्यात विरत जातो. कुत्र्यात मोठाले पांढरे ठिगळ, पांढरे मोजे, कपाळावर पट्टा, शेपटीचं पांढरं टोक असले प्रकार सर्रास असतात. लांडग्यात असं काही दिसलं तर थांबून विचार करायचा. काळ्या लांडग्याचीही दख्खनमधून नोंद आहे, पण ती अपवादातली अपवाद. आणि पिल्लांचा रंग वेगळा असतो हे लक्षात असू द्या. जन्मतः ती काजळी-तपकिरी असतात, छातीवर पांढरा ठिपका असतो आणि तो वाढत्या वयात नाहीसा होतो. बिळाशी अशी पिल्लं पाहून ‘ही तर कुत्र्याची’ म्हणून लोक उचलून घरी आणतात. ते अजिबात करू नये, आणि तो गुन्हाही आहे: लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

चेहऱ्याकडे पाहा. लांडग्याचं कपाळ आणि नाक यांच्यात कुत्र्यासारखी खोलगट पायरी नसते. उतार हळूहळू लांब, निमुळत्या तोंडाकडे जातो. डोळे पिवळट ते मधाच्या रंगाचे आणि तिरके बसवलेले. कवटी हातात असेल तर डोळ्याच्या खोबणीचा कोन मोजता येतो, लांडग्यात तो ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान आणि कुत्र्यात त्याहून मोठा. पण कवटी हातात येण्याची वेळ बहुधा रस्त्यावर मेलेल्या प्राण्याचीच, त्यामुळे हे तुमच्या उपयोगाचं नाही.

माझ्या लेखी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे पाय, छाती आणि चाल. लांडग्याची छाती अरुंद आणि खोल असते. समोरून पाहिलं तर पुढचे दोन पाय एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात, कोपरं आत वळलेली आणि पंजे किंचित बाहेर. त्यामुळे चालताना एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय एकाच रेषेत पडतात, मागचा पंजा पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या लगत. ओढ्याच्या वाळूत ठसे पाहिलेत तर ते सुतानं आखल्यासारखे सरळ जातात. कुत्र्याची पावलं रेंगाळतात, इकडेतिकडे वळतात, थांबतात. त्याला संध्याकाळी कुणीतरी भाकरी टाकणार असते. लांडग्याला एका रात्रीत मैलोन्‌मैल दुडकी चाल चालायची असते, आणि शरीर त्या दुडकीसाठीच बनलंय. अंगाच्या मानाने पाय लांब, पंजा मोठा. ठसा लांबट, नखं पुढे रोखलेली. कोल्ह्याचा ठसा याच्यापुढे अगदीच लहान. चालताना डोकं पाठीच्या रेषेत किंवा जरा खाली; कुत्रा डोकं वर धरून चालतो. हे एकदा डोळ्यात बसलं की पाचशे मीटरवरून, रंग कळत नसतानाही, लांडगा ओळखू येतो.

शेपूट सरळ खाली लोंबती, टोक काळं. वर गोल वळलेली शेपूट लांडग्याची नव्हे. शेपटीच्या वरच्या बाजूला, बुंध्यापासून जरा खाली एक गडद डाग असतो. तिथे गंधग्रंथी असते. बऱ्याच कुत्र्यांत ही ग्रंथी खुजी असते किंवा नसतेच. फोटो जवळचा असेल तर हा डाग पाहायला विसरू नका.

कुत्र्यांखेरीज आणखी कशाशी गोंधळ होतो? कोल्ह्याशी होतो, पण तो आठ-दहा किलोचा, पाय आखूड, तोंड टोकदार. खोकड तर मांजरापेक्षा थोडं मोठं, त्याच्याबद्दल शंका यायचं कारण नाही. तरस अंधारात फसवतो, पण त्याचा मागचा भाग उतरता असतो आणि अंगावर पट्टे असतात. कोळसुंदे जंगलातले, लालसर, झुपकेदार काळ्या शेपटीचे. सुप्याच्या माळावर त्यांचं काम नाही. खरी फसवणूक करतो तो कारवान कुत्रा. उंच, अरुंद कंबरेचा, खोल छातीचा आणि धनगरांच्या, शिकारीची हौस असलेल्या लोकांच्या सोबत माळावरच फिरणारा. दुरून बाह्यरेषा तंतोतंत लांडग्याची वाटू शकते. त्याचे कान लोंबते असतात आणि शेपटीला केस जेमतेम. मी कुणाच्याही ‘लांडगा पाहिला’ या सांगण्यावर पहिला प्रश्न कानांचाच विचारतो.

इथपर्यंत सगळं सरळ वाटलं असेल. आता अडचणीचं. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होऊ शकतो आणि त्यांची पिल्लंही पुढे प्रजननक्षम असतात. पुण्याच्या परिसरात काही लांडग्यांचे रंग विचित्र दिसायला लागले, नेहमीच्या करड्याऐवजी पिवळसर-बदामी. स्थानिक निरीक्षकांनी ते टिपलं, नमुने गोळा झाले आणि २०२३ मध्ये जीनोमच्या अभ्यासातून संकर सिद्ध झाला. भारतीय माळरानातला तो पहिला जनुकीय पुरावा. कारण डोळ्यासमोर आहे. माळ तुटले, प्लॉट पडले, कुक्कुटपालनाचा कचरा उघड्यावर येऊ लागला, त्यावर मोकाट कुत्रे वाढले. लांडग्याला जोडीदार शोधायला लांब जावं लागतं, आणि वाटेत लांडगे कमी, कुत्रे जास्त भेटतात. सुप्याजवळच्याच मयूरेश्वर अभयारण्याचं उदाहरण घ्या. ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे. एका टोळीचा वावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरवर सहज पसरतो. म्हणजे लांडगा राहतो तो अभयारण्यात कमी आणि गायरानात, पडीक रानात, शेताच्या बांधावर, उसाच्या कडेला जास्त.

याचा ओळखीवर परिणाम होतो. मी वर सांगितलेल्या खुणा जुळल्या तर प्राणी लांडगा आहे असं म्हणता येतं. त्याच्या आजी-पणजीत कुत्रा नव्हता असं म्हणता येत नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी मिसळलेलं रक्त बाहेरून बहुधा दिसत नाही. फोटोवर ‘शंभर टक्के शुद्ध’ किंवा ‘हा हायब्रिड’ असे शिक्के मारणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ते केस, विष्ठा किंवा रक्ताचा नमुना तपासल्यावरच कळतं. उलट, रंग जरा वेगळा दिसला की लगेच संकर म्हणणंही बरोबर नाही. ऋतूप्रमाणे आणि वयाप्रमाणे रंग बदलतो हे वर आलंच आहे.

तुमच्या फोटोबद्दल. पाठमोरा आहे, खांद्यावरचा गडद भाग आणि चेहरा दिसत नाही. पण शेपूट सरळ खाली आहे आणि टोक काळं आहे, मागचे पाय एकमेकांच्या जवळून पडतायत, कान ताठ आहेत, पांढरं ठिगळ कुठेही नाही. कारवान नाही हे कानांवरून नक्की. जागा, वेळ आणि ऋतू तिन्ही जुळतात. माझ्या मते लांडगा, आणि बहुधा वर्ष-सव्वा वर्षाचा. आपल्याकडे पिल्लं साधारण डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान होतात, म्हणजे गेल्या हंगामातली तरुण जनावरं आत्ता उंचीनं पूर्ण वाढलेली पण अंगानं न भरलेली असतात. पाय जरा जास्तच लांब वाटले असं तुम्ही लिहिलंय, ते यामुळेच. याच वयात ती टोळी सोडून स्वतःचा मुलूख शोधत एकटी भटकायला लागतात, आणि रस्ते ओलांडताना दिसतात ती बहुतेक हीच.

पुढच्या वेळी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवा, इंजिन बंद करा आणि गाडीतूनच बघा. उतरलात की तो गेलाच. जमलं तर एका बाजूनं पूर्ण अंगाचा एक फोटो आणि तोंड वळवलेलं असताना एक, एवढे दोन मिळाले तरी पुष्कळ. प्राणी गेल्यावर ठसे सापडले तर शेजारी पेन ठेवून वरून सरळ फोटो घ्या आणि ठशांची ओळ कशी जाते तेही टिपा. जवळपास धनगरांचा वाडा बसलेला असेल तर त्यांना जरूर विचारा. वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, मेंढ्या कोंडून रात्रभर राखण करणाऱ्या माणसाला कुठला लांडगा रोजचा आणि कुठला नवा, हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांची शेळी-मेंढी लांडग्यानं नेली असेल तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यायला सांगा. भरपाईची तरतूद आहे, पण उशीर झाला आणि अवशेष हलवले की प्रकरण अडकतं.

आणि बीळ सापडलं, विशेषतः हिवाळ्याच्या अखेरीस, तर जवळ जाऊ नका आणि जागा कुठेही जाहीर करू नका. फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा. माणसांची ये-जा वाढली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि त्या हलवाहलवीत मोकाट कुत्र्यांशी गाठ पडते.